अठरा मिनिटं

माझं काम म्हणजे वायर धरणं.
लोक पंधरा लारी मोजतात,
डोळ्यांवर तो काळा डबा चढवतात
आणि आपणहून तुरुंगात जातात.
मी बाहेर. कुणी भिंतीवर आपटू नये म्हणून
वायर उचलून मागे मागे फिरते
लग्नातल्या करवलीसारखी.

दिदुबे स्टेशनच्या वर, मोबाईल कव्हरांच्या दुकानाला लागून
चार पावलांचा एक निळा गालिचा.
एवढ्यात सगळं मावतं:
दगडी कोठडी, दिवाणखाना, शेवटी मनोरा.
टीव्हीचा पडदा रांगेकडे तोंड करून,
त्यामुळे कोठडी मला दिसत नाही.
मला दिसतात हात.
हवेतले खण उघडणारे, हवेतल्या मेणबत्त्या उचलणारे.
बँकेतली एक बाई
नसलेल्या पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता
खरोखर शिंकली होती.

शनिवारी नुत्सा आजोबांना घेऊन आली.
बाद्री. बाजारामागे कुलपांची टपरी,
सदतीस वर्षं.
नखांच्या कडेला पितळेची पूड,
धुऊन न जाणारी.
"मला कोण कोंडणार?" म्हणाले
आणि हसत हसत कोंडून घेतलं.

सगळे आधी घड्याळामागची चिठ्ठी शोधतात.
हे सरळ दाराशी गेले,
निळ्या गालिच्यावर गुडघे टेकले
आणि कान लावला
हवेला.

बराच वेळ.

"आत काही नाही," म्हणाले.
"खिटी नाही, स्प्रिंग नाही.
हे कुलूप नव्हे, कुलपाचा फोटो."
नुत्सा रांगेतून ओरडली, बाबुआ, घड्याळ बघा! घड्याळ!
ते बिजागऱ्या चाचपत होते.
"बिजागऱ्या आतल्या बाजूला. खिळा वर ठोकला की दार हातात.
ज्यानं हे बनवलं
तो कधी कोंडला गेलेला नाही."

मग त्यांनी हातांतले दोन्ही कंट्रोलर
न बघता माझ्याकडे दिले.
रांगेत हशा पिकला. नुत्साही हसली,
"बाबुआ, तुमचे हात जमिनीवर पडलेत!"
पडद्यावर पडले असतील.
माझ्यासमोर तर ते कोटाच्या आतल्या खिशात गेले होते,
तिथून एक आकडा काढत होते,
तारेचा, टोकाला झिजून चपटा झालेला.

खेळाला आकडा दिसत नव्हता.
मला दार दिसत नव्हतं.
आणि ते दोघांच्या मधोमध
दोन बोटांनी
कणभर उजवीकडे, थांबून,
पुन्हा कणभर.
रांगेतलं हसू कधी संपलं कळलं नाही.
एकदम मनगट अडलं,
पाण्यात गळ टाकलेल्या माणसाचं अडतं तसं,
आणि सैल झालं.
खुट्ट असा आवाज झाला नाही. मी तिथेच होते.

ते उठले. तळहातानं हवा ढकलली
आणि चालू लागले.
गालिचा संपला. तिथे खेळ संपतो,
सगळं राखाडी होतं,
मागे या, असं लाल अक्षरांत येतं.
ते मागे आले नाहीत.
वायर माझ्या हातात ताणली गेली.
अशा वेळी खांद्याला धरून वळवायचं असतं,
पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
मी वेटोळं सोडत गेले.
एक वेढा, दुसरा, टेबलाखालचा तिसराही.

कव्हरांच्या दुकानापाशी त्यांनी डबा काढला.
केस घामानं चिकटलेले.
आजूबाजूला गुलाबी ससे, चकचकीत अस्वलं टांगलेली,
त्यांच्याकडे पाहत म्हणाले,
"मनोरा बराच उंच होता."

मनोऱ्यापर्यंत ते गेलेच नव्हते.
पडद्यावर लिहून आलं, सुटका नाही,
शिल्लक वेळ अकरा मिनिटं.

सुटलेल्यांची नावं आम्ही फळ्यावर लिहितो.
मी लिहिलं, बाद्री, सात मिनिटं.
सोमवारी मालकानं कॉम्प्युटरशी ताडून पाहिलं,
मला दोन शब्द सुनावले
आणि ओल्या फडक्यानं मिनिटं पुसली.
नाव जरा वर होतं.
त्याचा हात पोचला नाही,
आणि स्टूल मी आणून दिलं नाही.